डॉक्टरसाहेब, ऑटोक्लेव्हनंतरचे कपाट एकदा उघडून बघा

प्रति,
इंदुरातील नर्सिंग होम आणि लहान रुग्णालयांचे संचालक डॉक्टर

विषय: निर्जंतुक सामान ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) निघाल्यापासून रुग्णापर्यंत पोचेस्तोवर

सप्रेम नमस्कार.

आम्ही शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत निर्जंतुकीकरण विभाग आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) सांभाळणारे टेक्निशियन व सिस्टर. तक्रार कोणा एका रुग्णालयाची नाही. ऑटोक्लेव्ह घेताना आपण दहा वेळा विचार करता, कंपनीच्या माणसाला उलटसुलट प्रश्न विचारता, दरवर्षी देखभालीचा करार करता. त्याच ऑटोक्लेव्हमधून निघालेला हत्यारांचा सेट पुढचे पंधरा दिवस कुठल्या फळीवर पडून असतो, हे मात्र बहुतेक ठिकाणी संचालकांना ठाऊक नसते. तो जिन्याखालच्या कपाटात असतो, ओटीबाहेरच्या पॅसेजमध्ये असतो, कधी चक्क बेसिनखाली असतो. यंत्र आपले काम तासाभरात उरकते. ते काम टिकवायचे की घालवायचे, हे पुढे कपाट आणि हात ठरवतात, आणि या दोहोंकडे कुणाचे लक्ष नसते. पत्र त्याबद्दल आहे.

जुलैतली एक सकाळ घ्या. निर्जंतुक सामानाच्या स्टोअरचा एसी रात्रभर 20 अंशांवर चाललेला. सातच्या सुमारास आया फरशी पुसायला येते आणि फरशी वाळावी म्हणून दार अर्धा तास सताड उघडे ठेवते. बाहेरची हवा 27 अंशांची आणि 85 टक्के आर्द्रतेची. अशा हवेचा दवबिंदू सुमारे 24 अंश असतो, म्हणजे 24 अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती पाणी सोडणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तेच इथे पाउचच्या, म्हणजे पुढून प्लास्टिक आणि पाठीमागून कागद असलेल्या पाकिटाच्या, प्लास्टिकवर होते, आणि पाठीमागचा कागद ते पाणी पिऊन घेतो. नऊ वाजता पहिली केस सुरू होईपर्यंत सगळे वाळलेले असते. नीट बघितले तर पाउचच्या कडेला कागद किंचित लहरी झालेला दिसतो, बोटाने चाचपल्यावर कुरकुरीत लागत नाही, आणि कुठेतरी पिवळसर कडेची वाळलेली रेघ असते. ती रेघ दिसली की पाउच बाद.

बाद का, हे ओटीबाहेरच्या माणसाला पटवणे अवघड जाते, म्हणून दोन वाक्ये जास्त. पाउचचा कागद किंवा गुंडाळलेले कापड जंतू अडवते ते कोरडे असेपर्यंतच. ओले झाले की धाग्याधाग्यांतून पाणी आत ओढले जाते आणि पाण्यासोबत बाहेरचे जंतूही. नंतर वाळले म्हणून आत गेलेले जंतू बाहेर येत नाहीत. शेव सादळली की जिभेला लगेच कळते. पाउच सादळल्याचे टाके पिकेपर्यंत कुणाला कळत नाही.

म्हणून स्टोअरमध्ये तापमान 24 अंशांच्या आत आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत हवी. यासाठी भिंतीवर एक डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर लावा, काही शे रुपयांत मिळतो. सकाळी सातला आणि दुपारी तीनला आकडे वहीत लिहायचे. एसी 18 वर लावून आर्द्रता सुटत नाही, उलट वर सांगितलेला घाम वाढतो. 22 ते 24 पुरे. खोली छोटी आणि एसी दीड टनाचा असेल तर तो पाच मिनिटांत खोली गार करतो, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहतो आणि कॉइलवर जमलेले पाणी पुन्हा हवेत जाते. मीटरवर 23 अंश आणि 72 टक्के असे जोडीने दिसू लागले तर दोष हाच. तिथे लहान एसी किंवा पावसाळ्यापुरता डीह्युमिडिफायर लागेल. शनिवारी रात्री एसी बंद करून सोमवारी लावायचा ही काटकसर जून ते सप्टेंबर तरी करू नका. एखाद्या दिवशी आकडा 65 वर गेला म्हणून सगळे सामान पुन्हा ऑटोक्लेव्हला पाठवायची मात्र गरज नाही: कारण शोधा, पाकिटे एकेक तपासा, ओल दिसेल तीच बाजूला काढा. आणि स्टोअरला एक्झॉस्ट फॅन नको. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो, म्हणजे तेवढीच हवा पॅसेजमधून, धुळीसकट, दाराच्या फटीतून आत ओढतो. स्टोअरची हवा बाहेर ढकलली जायला हवी.

आता फळ्या. सर्वांत खालची फळी जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटर वर, आणि ती जाळीची नको, सलग पत्र्याची हवी, कारण पोछ्याचे शिंतोडे खालूनच उडतात. वरच्या फळ्या जाळीच्या चालतात, त्यांवर धूळ साचत नाही. बाहेरच्या भिंतीपासून 5 सेंटिमीटर अंतर. आपल्याकडची बरीच नर्सिंग होम जुन्या घरांतून आणि बंगल्यांतून उभी राहिली आहेत, त्यांच्या पश्चिमेच्या भिंती ऑगस्टमध्ये ओल धरतात. कपाट भिंतीला चिकटवले की ती ओल पाठीमागच्या पत्र्यावर येते आणि पुढून उघडणाऱ्याला महिनोन्‌महिने दिसत नाही. छतापासून 12-13 सेंटिमीटर मोकळे सोडा, आणि आगीसाठी स्प्रिंकलर असेल तर त्याच्याखाली 45. वरच्या मजल्यावरचे टॉयलेट नेमके स्टोअरवर येत नाही ना, हे नकाशात नव्हे, वर जाऊन बघा. प्लायवूड-सनमायकाची कपाटे दिसायला छान असतात, पण त्यांची कड एकदा फुगली की तिथे बुरशी राहते. दाराखाली पेन्सिल जाईल एवढी फट असेल तर उंदराचे पिल्लूही जाते. रबराची पट्टी लावा. खाण्याची पुडी स्टोअरमध्ये येऊ देऊ नका, हे लिहावे लागते याचेच वाईट वाटते.

पुरवठादाराचे खाकी खोके स्टोअरच्या दारातच थांबले पाहिजेत. ते गोदामात, टेम्पोत, फुटपाथवर ठेवलेले असतात. त्यांच्या नालीदार पुठ्ठ्यात धूळ, बुरशीचे बीजाणू आणि झुरळांची अंडी बसतात, आणि तो ओल धरून ठेवतो. बाहेर उघडायचे, आतली छोटी डबी काढायची, खोका तिथूनच परत.

पाकीट ओले असण्याचे दुसरे कारण खुद्द ऑटोक्लेव्ह आहे, आणि लहान रुग्णालयांत तेच मोठे. उभा ऑटोक्लेव्ह वाफ भरतो आणि सोडतो, पण व्हॅक्युमने वाळवत नाही. घाईत झाकण उघडले की बाहेरची गार हवा गरम पॅकवर आदळते आणि आतच पाणी सुटते. वाफ पूर्ण गेल्यावर झाकण बोटभर किलकिले करून 15 ते 20 मिनिटे तसेच ठेवायचे. मग पॅक बाहेर काढून जाळीच्या रॅकवर ठेवायचे, ग्रॅनाइटच्या ओट्यावर नाही: गार दगडावर गरम पॅकच्या बुडाला ओल धरलीच. किमान अर्धा तास, मोठा सेट असेल तर दोन तास कुणी हात लावायचा नाही. वरून पंखा लावून लवकर गार करायची पद्धत इंदुरात फार आहे. गरम पॅक गार होताना हवा आत ओढतो. पंखा त्याला खोलीतली धूळ पुरवतो.

भरतानाच्या चुका त्याहून साध्या. वाट्या-बाऊल पालथे किंवा तिरके ठेवा, उताणे ठेवले तर पाणी साचते. कापडाचे पॅक उभे ठेवा, दोहोंमध्ये हात जाईल एवढी जागा सोडा. हत्यारांचा सेट 11 किलोच्या वर जाऊ देऊ नका. तेवढ्या धातूवर वाफेचे जे पाणी होते ते वाळवणे यंत्राला अवघड जाते. बोअरचे पाणी थेट भरले तर हत्यारांवर आणि कापडावर पांढरे डाग पडतात, पाणी आरओचे किंवा डिस्टिल्ड घ्या.

काट्याबद्दल एक गोष्ट, जी इंदुरात मुद्दाम सांगायला हवी. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत. बाहेरच्या हवेचा दाब इथे कमी, म्हणून गेजवर 15 पौंड दाखवले तरी आतली वाफ 121 अंशांना पोचत नाही, सुमारे एक अंश खाली राहते. भांड्यात हवा अडकली असेल तर तूट याहून कितीतरी मोठी. दाबाच्या काट्यावर विसंबू नका, तापमान बघा: 121 अंश आल्यापासून गुंडाळलेल्या हत्यारांना 30 मिनिटे. व्हॅक्युमचे यंत्र असेल तर 132 ला 4 मिनिटे किंवा 134 ला 3, आणि रोज पहिल्या फेरीआधी रिकाम्या यंत्रात बोवी-डिकची चाचणी (यंत्र आतली हवा पूर्ण काढते का, हे बघणारी).

पॅकवरच्या टेपचे पट्टे काळे झाले म्हणजे पॅक ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आला, एवढेच कळते. आत वाफ पोचली का, हे पॅकच्या मधोमध ठेवलेली रासायनिक पट्टी सांगते. जंतू खरोखर मेले का, हे फक्त बीजाणूंची कुपी (वाफेला चिवट असे जिवंत बीजाणू भरलेली) सांगते. ती आठवड्यातून एकदा तरी, आणि इम्प्लांट असलेल्या प्रत्येक फेरीत. कुपी पॉझिटिव्ह आली, म्हणजे बीजाणू जिवंत राहिले, तर काय करायचे, हे ठरलेले नसेल तर मात्र कुपी लावून उपयोग नाही. त्यासाठी प्रत्येक पाकिटावर यंत्राचा क्रमांक, फेरीचा क्रमांक, तारीख, आत काय आहे आणि बांधणाऱ्याची सही हवी. शेवटची कुपी निगेटिव्ह आली त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्यांचे सामान कपाटातून, वॉर्डातून, लेबररूममधून परत गोळा करायचे असते. फेरीचा क्रमांक नसेल तर कुठले परत आणायचे हेच कळत नाही, आणि मग कुणीच काही परत आणत नाही. मध्ये जे वापरले गेले ते कुठल्या रुग्णाला, हे केसपेपरवर चिकटवलेल्या लेबलावरून सापडते. लेबल दोन भागांचे घ्या, एक भाग पाकिटावर, एक केसपेपरवर.

पाउचवर पेनने लिहू नका. बॉलपेनचे टोक कागदात सूक्ष्म भोक पाडते आणि शाई आत झिरपते. लिहायचे ते मार्करने, प्लास्टिकच्या बाजूवर. स्टेपलर, टाचणी, रबरबँड यांपैकी काहीही पाकिटाला लावू नका. रबरबँडने दहा पाउच एकत्र बांधले की मधल्या कागदाला घडी पडते आणि घडी तिथेच चिरते. पाउच तीन चतुर्थांश भरा, सील आणि हत्यार यांत अडीच सेंटिमीटर सोडा. कात्रीच्या, टॉवेल क्लिपच्या टोकांना टोपी घाला. दुहेरी पाउच करायचा असेल तर आतला एक नंबर लहान घ्या. मोठाच दुमडून आत कोंबला तर घडीत वाफ जात नाही. आणि आत-बाहेर दोन्हींचा कागद कागदाला लागला पाहिजे, कारण वाफ कागदातून जाते, प्लास्टिकमधून नाही. कपाटात पाउच आडवे थप्पीने रचू नका, खोक्यात फायलींसारखे उभे लावा, एक ओढला तर शेजारचा अडकणार नाही इतके सैल. ड्रॉवरमध्ये दाबून बसवलेला पाउच भात्यासारखा वागतो: दाबला की आतली हवा बाहेर, सोडला की बाहेरची आत.

आता ड्रमकडे येतो. गोल पत्र्याचा, बाजूला भोके आणि भोकांवर सरकती पट्टी असलेला ड्रम अजून बहुतेक वॉर्डांत आहे आणि सगळ्यांचा लाडका आहे. त्याच्या भोकांना फिल्टर नसतो. वाफ जायला भोके उघडी ठेवायची, निघाल्याबरोबर पट्टी सरकवून बंद करायची. पट्टी ढिली असेल, किंवा बंद करायला कुणी विसरले, तर ड्रम कपाटात पोचण्याआधीच गेला. पण खरा घात वॉर्डात होतो. एका ड्रममध्ये चाळीस-पन्नास गॉज असतात. पहिल्या खाटेपाशी झाकण उघडते, चिमटा आत जातो, गॉज निघतो, झाकण लागते. दुसऱ्या खाटेपाशी पुन्हा. बाराव्या खाटेपर्यंत ड्रम बारा वेळा वॉर्डाच्या हवेत उघडलेला असतो आणि चिमटा बाराव्यांदा आत गेलेला असतो. त्यातला शेवटचा गॉज निर्जंतुक आहे असे छातीठोकपणे कोण म्हणेल? उघडलेला ड्रम 24 तासांत संपवायचा असा जुना शिरस्ता आहे. त्या 24 तासांत तो किती वेळा उघडला, हे शिरस्त्यात नाही.

आणि तो चिमटा, चीटल फोर्सेप, उंच बाटलीत सॅव्हलॉनमध्ये उभा. पाणी गढूळ, तळाशी कापसाचा गाळ, आणि बाटली कधी धुतली ते कुणालाच आठवत नाही. अशा पातळ केलेल्या जंतुनाशकात जंतू चक्क वाढतात. चिमटा ठेवायचाच असेल तर कोरड्या, ऑटोक्लेव्ह केलेल्या बाटलीत ठेवा आणि बाटलीसकट प्रत्येक पाळीला बदला. पण आमची मागणी त्यापुढची आहे. ड्रम वॉर्डातून काढा आणि एका ड्रेसिंगचे एक पॅक करा: एक आर्टरी फोर्सेप, एक दातेरी नसलेला थंब फोर्सेप, एक छोटा बाऊल, पाच गॉज, चार बोळे. एक खाट, एक पॅक. सुरुवातीला हत्यारे जास्त लागतात हे खरे. त्यांची किंमत एकदाच मोजायची असते.

कापडाने गुंडाळायचे तर सुती कापडाचे दोन दुहेरी थर, म्हणजे एकूण चार पदर. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या 2008 च्या मार्गदर्शिकेनुसार असे पॅक किमान 30 दिवस निर्जंतुक राहतात, तर उष्णतेने सील केलेले पाउच 9 महिन्यांपर्यंत राहिल्याच्या नोंदी आहेत. या आकड्यांचा अर्थ मात्र उलटा लावला जातो. तारीख उलटली नाही म्हणून पॅक चांगला, असे नव्हे. पॅक तारखेने बिघडत नाही, त्याला काही झाले की बिघडतो: पडला, भिजला, फाटला, चेपला, दहा जणांनी हाताळला. जितका जास्त दिवस राहील तितकी यांतले काही घडण्याची शक्यता जास्त, म्हणून तारीख. कालच्या तारखेचा पण ओला पॅक बाद. गुंडाळण्याचे कापड दर वेळी धुतलेले हवे, प्रकाशासमोर धरून भोके बघितलेली हवीत, आणि फाटले तर शिवायचे नाही, कारण सुईचे प्रत्येक भोक एक वाट असते. फार हाताळल्या जाणाऱ्या पॅकना वरून जाड प्लास्टिकचे कव्हर घालता येते, पण पूर्ण गार आणि कोरडे झाल्यावरच.

बाजारातून येणाऱ्या सामानाच्या डबीवर सगळे चित्रांत लिहिलेले असते, वाचायची सवय लावावी लागते. वाळूचे घड्याळ म्हणजे वापराची शेवटची तारीख. छोटा कारखाना म्हणजे बनवल्याची तारीख. या दोहोंची अदलाबदल करणारे दर महिन्याला भेटतात. छत्री आणि थेंब म्हणजे कोरडे ठेवा. फाटकी डबी म्हणजे वेष्टन बिघडले असेल तर वापरू नका. काट मारलेला 2 म्हणजे एकदाच वापरायचे. थर्मामीटरशेजारचा आकडा मे महिन्यात बघा. टाक्यांच्या पॉलिग्लॅक्टिनच्या धाग्यावर बहुधा 25 अंश असतात, आणि आपल्याकडे तेव्हा दुपारी चाळिशी पार झालेली असते. हा धागा शरीरात पाण्यानेच विरघळतो. उष्ण दमट कपाटात हेच विरघळणे टाक्याआधीच सुरू होते आणि गाठ मारताना धागा तुटतो. फॉइल उघडून न वापरलेला धागा पुन्हा निर्जंतुक करून ठेवायचा नाही, तारीख उलटलेलाही नाही. लॅटेक्सचे ग्लोव्ह ट्यूबलाइट, ऊन आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्यापासून लांब ठेवा. अशा काही दिव्यांतून निघणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. नवे आलेले मागे, जुने पुढे, आणि त्यातही ज्याची तारीख आधी संपणार ते सर्वांत पुढे.

बाहेरून ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक) करून आणलेल्या सामानासोबत वायुवीजनाची नोंद मागून घ्या. 50 अंशांना 12 तास किंवा 60 ला 8 तास. नुसते खोलीत उघडे ठेवले तर सात दिवस लागतात. नोंद नसेल तर ट्यूबमध्ये राहिलेला वायू रुग्णाची त्वचा भाजतो आणि पाकीट फोडणाऱ्याच्या श्वासात जातो. फॉर्मेलिनच्या गोळ्या टाकून हत्यारे ठेवायच्या डब्याबद्दल थोडक्यात: तो निर्जंतुकीकरणही करत नाही आणि साठवणही. गोळ्यांचा वायू किती, किती वेळ, कुठवर पोचला, हे मोजायची सोय नाही, आणि फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेले आहे. डबा टाकून द्या.

हातांबद्दल. पाकीट उचलायचे ते धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या हाताने. सॅनिटायझर लावून लगेच पाउच उचलला तर कागद ओला होतो. काखेत मारून, पोटाशी धरून, हनुवटीने थप्पी दाबून न्यायचे नाही. सेट ओढायचा नाही, उचलायचा, कारण फळीच्या कडेवर कापड घासते. न्यायला बंद ट्रॉली हवी, खालचा तळ सलग. आपले शहर घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करून देशात नाव कमावते, आणि आपल्याच लिफ्टमध्ये वापरलेल्या चादरींचे बोचके आणि निर्जंतुक गाउनचा पॅक एकाच फेरीत वर जातात. लिफ्ट एकच असेल तर वेळा वेगळ्या करा: निर्जंतुक सामान सकाळी पहिल्या फेरीत, मळके दुपारी झाकून, मध्ये लिफ्ट पुसून.

वापरताना पाच गोष्टी बघायच्या: तारीख, सील, फाटले-चिरले का, ओल किंवा डाग, टेपचा रंग. पाउच दोन्ही पाती दोन हातांनी सोलून उघडायचा. हत्याराचा ठोसा मारून कागद फोडला तर तंतू उडतात आणि हत्यार फाटलेल्या, निर्जंतुक नसलेल्या कडेला घासून बाहेर येते. सलाइनची बाटली जखम धुवायला उघडली की उरलेले फेकायचे, बूच लावून ठेवायचे नाही. सकाळच्या केसची ट्रॉली रात्रीच मांडून वर टॉवेल घालण्याची पद्धत बंद करा. टॉवेल काढताना त्यावरची रात्रभराची धूळ हत्यारांवरच झटकली जाते. लागेल म्हणून उघडले आणि लागले नाही, तर ते वापरलेलेच समजायचे.

हे पत्र मराठीत आहे, कारण ते आपण वाचावे. कपाटावरच्या पाट्या मात्र हिंदीत लावा, मोठ्या अक्षरांत, कारण सामान हलवणारे बरेच जण मराठी वाचत नाहीत.

आमच्या मागण्या फार नाहीत. बंद दाराची एक छोटी खोली, जिच्यातून पाण्याची किंवा सांडपाण्याची नळी जात नाही. एक मीटर, एक वही. आणि एक माणूस, सिस्टर किंवा टेक्निशियन, ज्याला पाकीट बाद करायचा पूर्ण अधिकार असेल आणि सर्जन टेबलाशी उभे असतानाही तो अधिकार बदलणार नाही. आज होते असे की सील सुटलेले पाकीट दाखवले की "चालेल, द्या" असे उत्तर येते, आणि ते उत्तर दोनदा मिळाले की तिसऱ्यांदा कुणी दाखवत नाही.

या अधिकाराला सामानाची जोड लागते. जे ऑपरेशन रात्री-अपरात्री येते त्याचे तीन सेट ठेवा: एक वापरात, एक प्रक्रियेत, एक कपाटात. रात्री दोन वाजता सिझेरियनचा सेट हातातून पडला तर तो बाजूला ठेवायचा हे सिस्टरला माहीत असते. कपाटात दुसरा सेट असेल तरच तिला ते करता येते.

आपले,
इंदुरातील काही सीएसएसडी (मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग) व ओटी टेक्निशियन आणि सिस्टर